सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

शाळेत मराठीच्या तासाला भावकर्तृक क्रियापदं शिकवतात. उजाडलं. सांजावलं. गडगडलं. कोणी उजाडवलं, कोणी गडगडवलं असं विचारायची सोय नसते, ते आपोआप होतं. गेल्या दहाएक वर्षांत आपण या यादीत एक भर घातली आहे : सर्व्हर डाऊन आहे. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे इथे ‘सर्व्हर’ हा कर्ता ठरेल, मान्य. पण वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये, ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर गडगडाटाचाच असतो. ‘भाऊ, साइट नाही चालून राह्यली.’ सांगणाऱ्याला त्यात आपला दोष वाटत नाही, ऐकणाऱ्याला तक्रार सुचत नाही. तो सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि उठतो. निंदणाचा एक दिवस गेला. उद्या परत.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, म्हणून हे वाक्य मला सहन होत नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की पुढच्या पाच मिनिटांत कोणाचा तरी फोन वाजतो, आणि चालू झाल्यावर कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं : किती वाजता बंद पडला, का पडला, पर्यायी यंत्रणेवर जायला इतका वेळ का लागला, पुन्हा पडू नये म्हणून काय केलं. बंद पडणं नैसर्गिक असेल, पण बंद राहणं हा कोणीतरी घेतलेला किंवा टाळलेला निर्णय असतो. अनसिंगच्या दुकानात त्या निर्णयाचं उत्तर देणारं कोणी नाही. तिथे फक्त भोगणारे आहेत.

काय भोगतात ते आधी पाहू. सोयाबीनचा विमा काढायचा तर सातबारा आणि आठ-अ हवा, तो महसूल खात्याच्या डेटाबेसमधून येतो. आधारची पडताळणी दुसऱ्या डेटाबेसमधून. २०२५ च्या खरिपापासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो तिसरा. बँकेचं खातं चौथं. आणि हे सगळं ज्यात भरायचं ते विम्याचं पोर्टल पाचवं. समजा या पाचांपैकी प्रत्येक यंत्रणा शंभरातले ९९ टक्के वेळ चालू असते. ऐकायला छान वाटतं, बोर्डाच्या निकालात ९९ टक्के म्हणजे पेढे. पण पाचही एकाच वेळी चालू असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून टक्क्यांचा गुणाकार करावा लागतो. ०.९९ पाच वेळा गुणा : ०.९५ येतं. म्हणजे वर्षातले जवळजवळ १८ दिवस बंद, आणि तेही प्रत्येक खातं आपापल्या अहवालात ९९ टक्के लिहून मोकळं झाल्यावर. हे १८ दिवस वर्षभर सारखे पसरलेले नसतात, हे त्याहून वाईट. यंत्रणा मार्चच्या दुपारी पडत नाही. ती गर्दीत पडते, आणि गर्दी शेवटच्या तारखेला होते.

‘मग शेवटच्या तारखेला का येता?’ हा शहरी प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. पेरणी पावसावर असते म्हणून. दुबार पेरणीचं सावट असताना विम्याच्या कागदावर काय लिहायचं हे ठरत नाही म्हणून. पटवाऱ्याकडे (आता त्यांचं अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आमच्याकडे अजून पटवारीच) चार गावं असतात आणि तो आज कुठल्या गावात आहे हे माहीत नसतं म्हणून. आणि समजा निव्वळ आळसानं आले, तरी काय? शेवटची तारीख ही तारीखच असते. प्राप्तिकराचा फॉर्म ३१ जुलैच्या रात्री भरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला कोणी आळशी म्हणून विमा नाकारत नाही.

गर्दी अनपेक्षित असते, हे दुसरं समर्थन. २०२३ च्या खरिपात राज्यानं एका रुपयात पीकविमा आणला, शेवटची तारीख ३१ जुलै होती आणि ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२४ मध्ये १५ जुलैची ३१ जुलै झाली. २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गेली, अर्ज कमी झाले, तरी ३१ जुलैची १४ ऑगस्ट झाली. सलग तीन वर्षं जुलैत येणारी गोष्ट अनपेक्षित असेल तर पोळाही अनपेक्षितच म्हणायचा. बरं, गर्दी केवढी? २०२३ मध्ये महाराष्ट्रातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. महिन्याभराचे सेकंद काढा आणि भागा : सेकंदाला सरासरी सहा-सात अर्ज. एकेका अर्जामागे दहा-वीस तपासण्या आणि कागद चढवणं असतं, शेवटच्या तीन दिवसांत भार दसपट होतो, शिवाय पोर्टल केंद्राचं असल्यानं इतर राज्यंही त्यावर असतात. सगळं धरून आकडा हवा तेवढा फुगवा. आता दुसरा आकडा पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये याच देशात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्याची सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास येते, आणि त्यातल्या प्रत्येकात दोन बँका गुंतलेल्या असतात. यूपीआयही पडतं, मार्च-एप्रिल २०२५ मध्ये पडलं होतं. पण ते पडलं की देशभर बातमी होते आणि चालवणारी संस्था खुलासा करते. हे जमत नाही असं नाही. ज्याच्यासाठी जमवायचं ते कोण, यावर ते ठरतं.

२४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सकाळी ११.४० ला बंद पडलं. दूरसंचार जोडण्या बिघडल्या आणि त्यातून पुढची यंत्रणा कोलमडली. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, तिकडे बाजार हलवला गेला नाही. त्या दिवशी काय झालं? सौदे पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजाराची वेळ त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत वाढवली गेली. कोणा शेअरधारकाला निवेदन घेऊन तहसीलवर जावं लागलं नाही. मग सेबीनं नियम कडक केले : यंत्रणा बिघडली की ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं, नाहीतर दंड. त्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेनं एचडीएफसी बँकेला नवी डिजिटल उत्पादनं आणायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला बंदी घातली होती. कारण? डेटा सेंटरमधल्या वीजबिघाडासकट दोन वर्षांत वारंवार बंद पडलेली सेवा. देशातल्या सगळ्यात मोठ्या खासगी बँकेवरची ही बंदी पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला.

म्हणजे सर्व्हर डाऊन होणं हा गुन्हा आहे, हे या देशाला माहीत आहे. मिनिटं मोजता येतात, दंड लावता येतो, धंदा थांबवता येतो. हे सगळं ज्ञान वांद्र्यात आहे आणि ते वाशीमपर्यंत येत नाही. इथे मिनिटं मोजली जातात ती शेतकऱ्याची. ढगफुटीनं किंवा साचलेल्या पाण्यानं पीक गेलं तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवा, ही अट २०२४ च्या खरिपापर्यंत होती. त्याचं शेत पाण्यात, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, ॲप उघडत नाही, तरी ७२ तास म्हणजे ७२ तास. ॲप किती तास बंद होतं याचं घड्याळ मात्र कोणाच्याही भिंतीवर नाही.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांमागे फार मोठं गूढ आहे असा समज मुद्दाम टिकवला जातो. गूढ काही नाही. गावातल्या डीपीचं उदाहरण घ्या. डीपी जळाली की आठ दिवस मोटार बंद, हे आपल्याला माहीत आहे. दुसरी डीपी तयार असली तर प्रश्न मिटतो. पण ती त्याच फीडरवर, त्याच खांबाशेजारी बसवली तर एका विजेच्या कडकडाटात दोन्ही जातात. डेटाबेसचंही तसंच. मुख्य यंत्रावर होणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या यंत्रावर लगेच उतरवत राहायचं, आणि ते दुसरं यंत्र दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवायचं. मुख्य पडलं की दुसऱ्यानं सूत्रं हातात घ्यायची. शहरातल्या कुठल्याही मध्यम कंपनीत हे केलेलं असतं.

ही जुळी प्रत म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. इथे भलेभले फसतात. मुख्य यंत्रावर कोणी चुकून एक गट नंबर उडवला, तर जुळं यंत्र इमानेइतबारे तोही उडवतं. म्हणून कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत वेगळी ठेवावी लागते. आणि ती नुसती ठेवून चालत नाही, ती परत उभी राहते का हे ठरावीक दिवसांनी करून पाहावं लागतं. गिटलॅब या जगभरातले प्रोग्रामर वापरतात त्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि ऐन वेळी त्यातली एकही नीट चालली नाही. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगानं शिल्लक होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी सगळी चूक जाहीरपणे लिहून काढली, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं. दक्षिण कोरियाचं उदाहरण ताजं आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली आणि सरकारच्या सहाशेहून अधिक सेवा एका रात्रीत बंद झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइटची यंत्रणा जळून गेली. तिची दुसरी प्रतच नव्हती. कारण दिलं गेलं की ती फार मोठी होती. तंत्रज्ञानात आपल्यापेक्षा कैक पावलं पुढे असलेला तो देश! पैशाची किंवा बुद्धीची कमतरता तिथे नव्हती. कमतरता होती ती कंटाळवाणं काम वेळेवर करण्याची.

कारण देखभाल हे कंटाळवाणंच काम आहे. डिस्क भरत आली का बघणं. प्रमाणपत्राची मुदत संपतेय का बघणं. दिवसेंदिवस सुस्त होत जाणारी एखादी क्वेरी शोधून तिला इंडेक्स लावणं. मेलेल्या नोंदींचा कचरा काढणं. रविवारी पहाटे तीन वाजता पॅच लावणं, आणि लावण्याआधी तो मागे कसा घ्यायचा हे लिहून ठेवणं. मोठमोठ्या यंत्रणा पडण्याची कारणं पाहिलीत तर हसू येईल इतकी ती किरकोळ असतात. पण या कामाची फीत कापता येत नाही. ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती आली, मग आणखी, मग नावच बदलून नवं ॲप. प्रत्येक वेळी शेतकऱ्यानं जुनं काढून नवं उतरवायचं आणि बांधावर उभं राहून फोटो चढायची वाट बघायची. नव्या ॲपचं उद्‌घाटन होतं. ‘आज आम्ही बॅकअपमधून सातबारा परत उभा करून पाहिला, चार तास लागले, पुढच्या वेळी दोनमध्ये करू,’ असं सांगणारी पत्रकार परिषद तुम्ही कधी पाहिली आहे?

कागदाचे दिवस चांगले होते, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पटवाऱ्याच्या दप्तरात काय लिहिलंय ते पटवारीच जाणे, अशी ती पद्धत होती. बहिणीचं नाव फेरफारात कधी गळलं हे तिला नातवंडं झाल्यावर कळायचं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पंधरा रुपयांत घरबसल्या. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि ज्या मंडळींनी अडीच कोटींच्या आसपास सातबारे हाताच्या अक्षरातून संगणकात आणले, त्यातल्या चुका निस्तरल्या, त्यांचं ऋण मान्य करायला हवं. पण त्याच वेळी हातानं लिहिलेला सातबारा बंद झाला. पर्यायी वाट शासनानं स्वतः बुजवली. नदीवरची नाव काढून पूल बांधला की पूल बंद ठेवण्याचा हक्क उरत नाही.

सातबाऱ्याच्या बाबतीत तर बंद पडण्याला तांत्रिक सबबही नाही. सातबारा रोज बदलत नाही. बहुसंख्य लोक तो फक्त बघायला आणि छापायला येतात. लिहिण्याचं काम, म्हणजे फेरफार, तुलनेनं थोडं. तिथे एकही नोंद हरवून चालणार नाही, दोन्ही यंत्रांवर उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही, त्यासाठी क्षणभर थांबावं लागलं तरी चालेल. पण बघण्यासाठी काल रात्री बारा वाजेपर्यंतची प्रत दहा वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवता येते. मुख्य यंत्र पडलं तर पानावर एक ओळ यावी : ‘या नोंदी काल रात्रीपर्यंतच्या आहेत.’ बस. पीककर्जाला आणि विम्याला तेवढं पुरतं. वृत्तपत्रांच्या वेबसाइट हेच करतात, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीही चालतात.

मग हे होत का नाही? कारण डाऊन सर्व्हरचा तोटा ज्याला होतो तो निविदेत कुठेच नाही. उलट काहींना फायदा होतो. विम्याच्या अर्जामागे केंद्रचालकाला कंपनीकडून ४० रुपये मिळतात, शेतकऱ्याकडून वेगळे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. साइट धडधडीत चालू असताना हा नियम पाळला जातो. साइट रात्री दोनला तासभर चालणार असेल, तर त्या तासाला भाव येतो. ‘कागद ठेवून जा, रात्री करून ठेवतो,’ या वाक्याची किंमत शंभर-दोनशे होते. केंद्रचालकाला सरसकट चोर म्हणण्यात अर्थ नाही, तो रात्र जागतोच. टंचाई तयार केली ती दुसऱ्यानं, तो फक्त ती विकतो.

कायदा काय म्हणतो तेही बघण्यासारखं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या दहाव्या कलमात साधी सोय आहे : एखादं काम कचेरीत ठरावीक दिवशी करायचं असेल आणि त्या दिवशी कचेरी बंद असेल, तर कचेरी उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम वेळेत केलं असंच धरलं जाईल. इंग्रजांच्या काळात, बैलगाडीनं तहसीलला जाणाऱ्या माणसाला हे संरक्षण मिळालं. आज कचेरी म्हणजे पोर्टल. ती ३१ तारखेला दिवसभर बंद असते, तरी मुदत आपोआप पुढे जात नाही. आमदारानं पत्र द्यायचं, कृषिमंत्र्यांनी दिल्लीशी बोलायचं, मग रात्री उशिरा मुदतवाढीची बातमी व्हॉट्सॲपवर फिरायची, आणि ती मेहरबानी म्हणून मिरवायची. हक्काची गोष्ट कृपा म्हणून वाटण्यात राजकारणाचा केवढा फायदा आहे, हे वेगळं सांगायला नको. दुसरा कायदा २०१५ चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. सेवेला विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. चांगला कायदा. पण त्यातून सुटायला पुरेसं कारण असलं की झालं, आणि ‘सर्व्हर डाऊन’ याहून पुरेसं कारण आजवर कोणाला सापडलेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती तंत्रज्ञांच्या हातातली आहे. पोर्टल जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप पुढे, मंत्र्यांच्या सहीशिवाय. एका उघड्या पानावर प्रत्येक सेवा आत्ता चालू आहे की बंद, गेल्या ३० दिवसांत किती मिनिटं बंद होती, हे दिसलं पाहिजे. अर्ज अर्धवट अडकला तर प्रयत्न केल्याच्या वेळेची पावती मिळाली पाहिजे, आणि विमा नाकारताना कंपनीला ती मोजावी लागली पाहिजे. दिवसभर बंद राहिलं तर गावातच कागदी अर्ज घेतला जावा. आणि वर्षातून दोनदा मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून पर्यायी केंद्रावर सगळं चालवून दाखवावं, मे महिन्यात, खरिपाच्या आधी. शेअर बाजाराला ४५ मिनिटं दिली आहेत. सातबाऱ्याला चार तास द्या, आम्ही भांडणार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण अनसिंगसारख्याच गावातून पुण्याला गेलेले असतील आणि दुसऱ्या देशातल्या कुठल्या तरी दुकानाचा डेटाबेस रात्रपाळीत सांभाळत असतील. त्यांना वेगळं काही शिकवायला नको. माहिती अधिकारात पाच प्रश्न विचारा : १५ ते ३१ जुलैदरम्यान सेवा एकूण किती मिनिटं बंद होती, पर्यायी केंद्र कुठल्या शहरात आहे, बॅकअपमधून पूर्ण डेटाबेस शेवटचा कधी उभा करून पाहिला, देखभालीच्या करारात बंद मिनिटांसाठी दंडाचं कलम आहे का, आणि आजवर किती दंड वसूल झाला. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तो पोस्टानं पाठवा, ऑनलाइन नको.